कानामागचे यंत्र आणि नावामागचा माणूस

वाचकाचे पत्र

मी २४ वर्षांची आहे. सुपरहिरोंच्या प्रसिद्ध विश्वांवर आधारलेली फॅन फिक्शन मी गेली चार वर्षे टोपणनावाने ऑनलाइन लिहिते. सध्या चालू असलेल्या दीर्घकथेची नायिका मात्र मी स्वतः निर्माण केलेली आहे. तिला कमी ऐकू येते, ती दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते, ओठ वाचते, तिला सांकेतिक भाषा येत नाही आणि आपल्या चमूपासून ती हे सारे शक्य तितके लपवते. नवव्या प्रकरणानंतर काही वाचकांनी लिहिले की मला बहिरेपणातले काहीही कळत नाही, खऱ्या कर्णबधिर व्यक्तीला सांकेतिक भाषा येतेच, आणि ज्यांना नीट ऐकू येते त्यांनी असली पात्रे लिहू नयेत. मी सहा वर्षांची असल्यापासून श्रवणयंत्र लावते, हे त्यांना ठाऊक नाही. ऑनलाइन मी ते कोणालाच सांगितलेले नाही. घरच्यांचेही म्हणणे असे की आपण होऊन जगाला सांगायचे कशाला. आता वाटते, एकदाचे सगळे सांगून टाकावे, म्हणजे तोंडे बंद होतील. मग वाटते, त्यानंतर माझी प्रत्येक कथा ‘त्या बहिऱ्या मुलीची कथा’ होऊन बसेल. शेवटच्या प्रकरणात त्या विश्वातल्या प्रगत तंत्रज्ञानाने नायिकेला पूर्ण ऐकू येऊ लागते, असे मी योजले होते. तेही आता लिहावे की नाही ते कळत नाही. एक कबुलीही देते. दोन वर्षांपूर्वी एका लेखिकेच्या अंध पात्राबद्दल मीच तिला सर्वांसमक्ष विचारले होते की तुम्ही स्वतः अंध आहात का. तिने उत्तर दिले नाही. पुढे तिने लिहिणेही थांबवले.
— मुखवट्याआडची

प्रिय मुखवट्याआडची,

तुमची कबुली तुम्ही अखेरच्या तीन-चार वाक्यांत उरकली आहे. मी तिच्याकडे येणार आहे; पण ज्या प्रश्नासाठी तुम्ही पत्र लिहायला बसलात, त्याचे उत्तर आधी देते. आत्ता, या भांडणात, तोंडे बंद करण्यासाठी म्हणून तुम्ही स्वतःच्या कानांविषयी काहीही जाहीर करू नये. कधीच करू नये, असे मी म्हणत नाही, आणि तो भाग पुढे सविस्तर येईल.

तोंडे बंद होतील ही अपेक्षाच मला फोल वाटते. ज्या वाचकाच्या मते खऱ्या कर्णबधिर व्यक्तीला सांकेतिक भाषा आलीच पाहिजे, त्याला तुम्ही सांगितलेत की मी सहाव्या वर्षापासून यंत्र लावते आणि मला ती भाषा येत नाही, तर तो स्वतःचे मत सोडण्याऐवजी तुमचेच नाव खऱ्यांच्या यादीतून काढून टाकेल, अशी शक्यता अधिक. मग किती ऐकू येते, जन्मापासून की नंतर, यंत्र काढून फोनवर बोलता येते का, असे प्रश्न सुरू होतील, आणि प्रत्येक उत्तरागणिक तुम्ही लेखिका कमी आणि तपासायचे प्रकरण अधिक होत जाल. शिवाय एकदा ऑनलाइन सांगितलेले परत घेता येत नाही. टोपणनाव आणि खरे नाव यांच्यामधली भिंत आपण समजतो त्याहून पातळ असते, आणि रागाच्या भरात लिहिलेल्या मजकुराचे स्क्रीनशॉट सर्वांत आधी निघतात.

हे सारे पुस्तकांच्या जगात मोठ्या प्रमाणावर एकदा घडून गेलेले आहे. २०१५मध्ये नेदरलँड्समधल्या एका लेखिकेने, जी स्वतः ऑटिस्टिक आहे, ट्विटरवर ‘ओन व्हॉइसेस’ (म्हणजे ‘स्वतःचे आवाज’) असा हॅशटॅग सुचवला. ज्या वंचित समूहातले पात्र आहे त्याच समूहातल्या लेखकाने लिहिलेली मुलांसाठीची पुस्तके वाचकांना सहज सापडावीत, एवढाच त्यामागचा साधा हेतू होता. काही वर्षांतच त्या खुणेचे प्रवेशपत्र झाले. अमुक विषयावर लिहायचे तर आधी आपण कोण आहोत ते सिद्ध करा, अशी मागणी सुरू झाली, आणि जे आपली लैंगिकता, आजार किंवा अपंगत्व उघड करण्याच्या स्थितीत नव्हते, तेच तिच्या कात्रीत सापडले. ज्या ‘वुई नीड डायव्हर्स बुक्स’ या संस्थेने हा शब्द पुष्कळ वापरला होता, तिने २०२१मध्ये तो वापरणे थांबवले, आणि लेखकांना त्यामुळे अवघड, प्रसंगी असुरक्षित परिस्थितीत ढकलले जाते, हेही एक कारण दिले. तुमच्यावर जे वाचक तुटून पडले त्यांचा हेतू वाईटच असेल असे मी समजत नाही. अपंग पात्रांच्या नावाखाली इतकी वर्षे इतका कचरा लिहिला गेला आहे की पहारा द्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण पहारेकऱ्याला ज्याच्यासाठी पहारा द्यायचा तोच ओळखू येत नसेल, तर त्या पहाऱ्याचा उपयोग काय?

(मला स्वतःला किती ऐकू येते, हे मी या उत्तरात कुठेही सांगणार नाही. सांगितले असते तर पुढचे परिच्छेद तुम्ही निराळ्या कानांनी वाचले असते.)

आता कथेकडे येते, कारण माझ्या मते खरा पेच तिथे आहे. तुम्ही पत्रासोबत नववे प्रकरण पाठवले होते. मी ते दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वाचनात जे दिसले ते तुम्हाला आवडणार नाही. त्या प्रकरणात अंधारे गोदाम आहे, तीन शत्रू आहेत, तिघांच्याही तोंडावर मुखवटे आहेत, पत्र्यावर पाऊस कोसळतो आहे, आणि तुमची नायिका त्यांतल्या एकाने कुजबुजत उच्चारलेला सहा शब्दांचा संकेत बिनचूक टिपते. सबंध प्रकरणात तिचा एकही शब्द निसटत नाही. ती कोणालाही ‘काय म्हणालात?’ असे विचारत नाही आणि न ऐकलेल्या विनोदावर उगाच हसतही नाही. तिच्या कानामागे यंत्रे आहेत हे तुम्ही आरंभी एकदा सांगता आणि मग ती यंत्रे कथेतून नाहीशी होतात. तुमच्या टीकाकारांनी दिलेले कारण साफ चुकीचे आहे. परंतु काहीतरी खटकते आहे ही त्यांची जाणीव मात्र निराधार नव्हती. लोकांपासून लपवण्याची जी सवय तुम्ही अठरा वर्षे अंगी बाणवली आहे, ती लिहितानाही तुमच्यासोबत आली आहे. नायिका आपल्या चमूपासून लपवते हे मला पटते. ती वाचकापासून का लपवते?

तुम्हाला जे ठाऊक आहे ते बाहेरच्या लेखकाला महिनोन्‌महिने विचारपूस करूनही मिळणार नाही. उदाहरणार्थ, ओठ वाचणे ही तुमच्या कथेत एक अचूक शक्ती आहे; प्रत्यक्षात तो अर्धा अंदाज असतो, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ हे तिन्ही शब्द ओठांवर जवळपास सारखेच दिसतात, कारण प, ब आणि म यांसाठी ओठ एकाच रीतीने मिटतात आणि न व ण यांतला फरक तोंडाच्या आत घडतो. म्हणजे ‘बाण आला’ म्हणून ओरडणारा साथीदार आणि ‘मान खाली’ म्हणून ओरडणारा साथीदार यांच्यातला फरक तुमच्या नायिकेला प्रसंगावरून ओळखावा लागणार, आणि एखाद्या दिवशी तो ओळखताना चूक होणार. त्यातही तुम्ही तिला अशा व्यवसायात आणून सोडले आहे जिथे निम्मे सहकारी तोंड झाकून वावरतात आणि बहुतेक कामे रात्री होतात. सुपरहिरोंच्या कथांमध्ये मुखवटा ही इतकी गृहीत धरलेली गोष्ट आहे की तो कोणासाठी अडथळा असू शकतो, हा विचारच सहसा कोणाच्या मनात येत नाही. तुमच्या हातात आयता आलेला हा विषय तुम्ही एका वाक्यानेही स्पर्शिलेला नाही.

यंत्राचेही तसेच आहे. ज्यांना यंत्राचा अनुभव नाही त्यांना वाटते की चष्मा लावल्यासारखे ते लावले की सारे स्पष्ट होते. यंत्र आवाज मोठा करते आणि गोंगाट काही प्रमाणात आवरते, पण माणसाचे बोलणे, पाऊस, पावले आणि स्फोट हे सारे एकाच वेळी येऊन आदळू लागले की कोणते पुढे आणावे हे त्याला कळेनासे होते. पुष्कळांच्या बाबतीत उंच पट्टीतले ध्वनी आधी जातात. म्हणजे स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ यांसारखी क्षीण व्यंजने गळून पडतात, आणि मग आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. डोक्यावर शिरस्त्राण चढवले की यंत्रातून बाहेर पडलेला आवाज परत त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरून शिट्टी वाजू शकते. उंचावरून झेप घेताना वारा मायक्रोफोनवर घोंघावतो. घाम आणि पाऊस यंत्राचे शत्रू आहेत. आणि बॅटरी संपत आली की यंत्र जो बारीक इशारा देते, तो फक्त ते लावणाऱ्यालाच ऐकू येतो: ऐन लढाईत, सारे तिच्याकडे आदेशासाठी पाहत असताना, तिच्या एकटीच्या कानात वाजणारा तो आवाज मला तुमच्या गोदामातल्या प्रसंगात हवा होता. झिंक-एअर बॅटरीवरचा चिकट कागद नखाने सोलायचा, ती इवलीशी चकती हातमोजे घातलेल्या बोटांनी खाचेत बसवायची, आणि तेवढा वेळ एका कानाने जगायचे. एवढ्या साहित्यावर एक अख्खे प्रकरण उभे राहते.

थकव्याबद्दलही लिहा. दिवसभर तुकडे जुळवून वाक्ये तयार करणाऱ्या मेंदूचा संध्याकाळपर्यंत जो भुगा होतो, त्याची कल्पना नीट ऐकू येणाऱ्याला नसते. लढाईनंतर तळावर परतल्यावर तुमची नायिका यंत्रे काढून डबीत ठेवते तेव्हा तिला कसे वाटते? सुटल्यासारखे, की उघडे पडल्यासारखे, की दोन्ही? आणि एक वाक्य असे आहे की कमी ऐकू येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ते शेकडो वेळा ऐकलेले असते: ‘काही नाही, जाऊ दे.’ कोणीतरी काही बोलते, आपण पुन्हा विचारतो, आणि समोरचा कंटाळून हे उत्तर देतो. तुमच्या नायिकेला तिच्या सर्वांत जवळच्या मित्राने हे एकदा म्हणावे. खलनायकाच्या कोणत्याही किरणाने होणार नाही एवढी जखम त्याने होईल.

सांकेतिक भाषेचा मुद्दा मी थोडक्यात संपवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात १५० कोटींहून अधिक माणसांना कमी-अधिक प्रमाणात ऐकण्याची अडचण आहे, आणि त्यांतल्या सुमारे ४३ कोटींना उपचार किंवा साहाय्याची गरज आहे. एवढ्या मोठ्या समूहाचे ऐकणे एकाच प्रकारचे असू शकत नाही आणि त्यांची भाषाही एक असू शकत नाही. यंत्राच्या आधाराने बोलीभाषेत वाढलेल्या असंख्य जणांना सांकेतिक भाषा येत नाही. शिवाय सांकेतिक भाषा म्हणजे हातवाऱ्यांत उतरवलेली बोलीभाषा नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण असते, आणि अमेरिकेतली व ब्रिटनमधली सांकेतिक भाषा एकमेकींपासून वेगळ्या आहेत, जरी दोन्हीकडे बोलली जाते ती इंग्रजीच. तेव्हा तुमची नायिका खोटी ठरत नाही. पण ही भाषा तिच्या आयुष्यात नाही, याबद्दल तिला स्वतःला काय वाटते, हे विचारण्यासारखे आहे. जी माणसे हातांनी मनमुराद गप्पा मारतात त्यांच्यामध्ये ती एकदा जाऊन बसली, आणि ऐकू येणाऱ्यांत जशी परकी तशी इथेही परकी ठरली, तर? हा प्रसंग तुम्ही लिहिलात तर तुमच्या टीकाकारांना त्याहून चांगले उत्तर मिळणार नाही.

ही वाट अगदी अनोळखी नाही. २०१४मध्ये मार्व्हल या कॉमिक्स-प्रकाशकाच्या, हॉकआय नावाच्या धनुर्धारी सुपरहिरोवरच्या मालिकेचा १९ वा अंक निघाला. त्यात नायकाला ऐकू येत नाही तेव्हा संवादाचे फुगे रिकामे राहतात, आणि अमेरिकन सांकेतिक भाषेतले संवाद कोणत्याही भाषांतराविना नुसत्या हातांच्या चित्रांतून येतात. ज्यांना ती भाषा येत नाही अशा वाचकांना, म्हणजे बहुसंख्यांना, त्या पानांपुरते बाहेर उभे राहावे लागते. कलेच्या दृष्टीने मला हा धाडसी निर्णय वाटतो, कारण तो पात्राची कीव करायला जागाच ठेवत नाही. १९९९मध्ये आलेल्या एको या कर्णबधिर नायिकेची भूमिका पुढे पडद्यावर अलाक्वा कॉक्स यांनी केली. त्या स्वतः कर्णबधिर आहेत आणि एका पायाला कृत्रिम पाय लावतात. तो पाय मालिकेत पात्राचाही झाला, आणि तिच्या लढण्यात सहज मिसळून गेला.

याच्या उलट टोकाला जो जुना साचा आहे, त्याच्याकडे तुमची कथा अखेरीस झुकते आहे, म्हणून त्याबद्दल बोलते. १९४१च्या कॅप्टन मार्व्हल ज्युनिअरमध्ये कुबडी घेऊन चालणारा मुलगा एक नाव उच्चारतो आणि धडधाकट वीर होतो. १९६२मध्ये थॉर पहिल्यांदा अवतरला तेव्हा लंगडणारा डॉक्टर आपली काठी आपटतो आणि काठीचा हातोडा होतो. १९६४चा डेअरडेव्हिल अंधच राहतो खरा, पण त्याची इतर ज्ञानेंद्रिये इतकी तीक्ष्ण होतात की छापील मजकूर तो बोटांनी वाचतो आणि माणसाच्या हृदयाच्या ठोक्यांवरून त्याचे खोटे ओळखतो. त्याचे न दिसणे पुष्कळदा नावापुरते उरते. अपंगत्व एकतर नाहीसे व्हायला हवे, नाहीतर व्याजासह भरून निघायला हवे, असा हा हिशेब आहे. आपल्या भाषेने तर हा हिशेब ‘दिव्यांग’ या एका शब्दात कोंबून ठेवला आहे, आणि तो शब्द नको असलेल्या अनेकांची तक्रार नेमकी हीच आहे की आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला फक्त पायऱ्यांच्या शेजारी उतार हवा आहे. स्टेला यंग या ऑस्ट्रेलियन पत्रकार आणि विनोदी कलावंत चाकांच्या खुर्चीतून वावरत असत. २०१४मधल्या एका भाषणात त्यांनी म्हटले होते की पायऱ्यांकडे बघून कितीही हसलो तरी त्यांचा उतार होत नाही.

तरीही, नायिकेला पूर्ण ऐकू यावे असे तुम्हाला वाटले, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्याच्या अंगावर हे रोजचे ओझे आहे त्याने ते एकदा खाली ठेवल्याचे स्वप्न पाहिले, तर त्याला कोणीही बोल लावू नये. बाहेरच्या लेखकाने ‘बरे करणे’ आणि तुम्ही ते लिहिणे यांत मला फरक दिसतो. माझा आक्षेप कथेच्या बांधणीवर आहे. तुमच्या कथेतला ताण कशात आहे? ती लपवते, आणि कधीतरी हे चमूला कळणार, यात. तंत्रज्ञानाने तिचे कान बरे केले की हा क्षण यायचाच राहतो. तिला सांगावे लागत नाही, त्यांना ऐकून घ्यावे लागत नाही, कोणालाही आपल्या वागण्यात बदल करावा लागत नाही. नऊ प्रकरणे वाढवत आणलेले कर्ज तुम्ही दहाव्यात माफ करून टाकता. आणि रागावणार नसाल तर सांगते: एकदाचे जाहीर करून मोकळे व्हावे, असे जे तुम्हाला स्वतःबद्दल वाटते आहे, त्यातही अशाच एका झटक्यात होणाऱ्या सुटकेची आस आहे.

बार्बरा गॉर्डनची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. बॅटमनच्या कॉमिक्समधल्या १९८८च्या कथेत खलनायक जोकरने गोळी घातल्यावर बॅटगर्ल असलेली बार्बरा कमरेखाली अधू झाली, आणि ते सारे तिच्या वडिलांची व बॅटमनची व्यथा गडद करण्यासाठी होते. तिच्या स्वतःच्या वाट्याला कथा उरलीच नव्हती. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखकांना हे असे सोडून देणे पटले नाही, आणि १९८९पासून त्यांनी तिला ऑरॅकल या नावाने परत आणले: चाकांच्या खुर्चीतून, संगणकाच्या बळावर, अवघ्या नायकमंडळींची माहितीची सूत्रे हलवणारी. दोन दशकांहून अधिक काळ ती तशी राहिली. २०११मध्ये प्रकाशकांनी आपले सारे विश्व नव्याने मांडले तेव्हा ती पुन्हा चालणारी बॅटगर्ल झाली, आणि अनेक अपंग वाचकांना ते आपल्या घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. जादू आणि परग्रहावरची यंत्रे असलेल्या विश्वात ती बरी का होत नाही, असा प्रश्न तर्काने बरोबरच आहे; पण त्या विश्वात मेलेली माणसेही दर दोन वर्षांनी परत येतात आणि तिथे कोणी तर्क मागत नाही. २०१२मध्ये अमेरिकेत एका चार वर्षांच्या मुलाने, सुपरहिरो असले काही लावत नाहीत, असे सांगून श्रवणयंत्र लावायला नकार दिला. त्याच्या आईने मार्व्हलला लिहिले, तेव्हा तिथल्या मंडळींनी यंत्र लावलेल्या हॉकआयचे चित्र पाठवले आणि त्या मुलासाठी ‘ब्लू इअर’ नावाचा नवा नायकच रेखाटला. शेवटचे प्रकरण लिहिताना त्या मुलाची आठवण ठेवा, एवढेच म्हणते. ते प्रत्यक्ष कसे लिहायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

आता उघडपणाचा जो भाग मी पुढे ढकलला होता, तो. सांगण्याची दोन कारणे असू शकतात: वाद जिंकणे आणि सोबत मिळवणे. पहिल्या कारणासाठी सांगू नका, हे झालेच. दुसऱ्यासाठी मात्र सांगण्यात पुष्कळ काही आहे. २०१५च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवर डेअरडेव्हिल ही मालिका आली तेव्हा दृश्यांचे शब्दांत वर्णन करणारा ध्वनिपट तिला जोडलेला नव्हता. म्हणजे अंध नायकाची मालिका अंध प्रेक्षकांनाच नीट समजू शकत नव्हती. अंध चाहते उघडपणे, आम्ही अंध आहोत आणि आम्हाला ही मालिका पाहायची आहे, असे बोलले, आणि काही दिवसांतच नेटफ्लिक्सने ऑडिओ डिस्क्रिप्शन सुरू केले, त्याची सुरुवात याच मालिकेपासून झाली. ते कोणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून बोलले नव्हते. आपल्याला काय हवे आहे ते त्यांनी स्वतःहून मांडले होते.

तुमच्यासाठी याचा अर्थ मी असा लावते. हा गदारोळ विरू द्या. मधल्या काळात ज्यांच्या लिखाणावर तुमचा विश्वास आहे अशा एखाद्या बीटा रीडरला, म्हणजे प्रसिद्ध करण्याआधी तुमचा मसुदा वाचणाऱ्याला, खासगीत सांगून पाहा. पहिल्यांदा सांगताना काय वाटते, हे एका माणसापुरते अनुभवणे पुरेसे असते. कमी ऐकू येणारे इतर चाहते शोधा, त्यांच्यात आधी नुसते ऐका. पुढे कधी सर्वांना सांगावेसे वाटले तर एखाद्या शांत दिवशी, कोणत्याही आरोपाच्या खाली नव्हे, स्वतःच्या प्रोफाइलमध्ये एका साध्या वाक्यात सांगा: ‘मी श्रवणयंत्र लावते आणि सुपरहिरोंवर लिहिते.’ ऐकण्याच्या तपासणीचे कागद, प्रमाणपत्र, यंत्रासह चेहरा दिसेल असा फोटो, यांतले काहीही देऊ नका, आणि मागणाऱ्याला नाही म्हणताना कारणही देऊ नका. तोपर्यंत सध्याच्या कथेच्या आरंभी एवढी टीप पुरे: ‘या कथेतली नायिका एका विशिष्ट प्रकारे ऐकते, सर्व कर्णबधिर व्यक्तींचे ती प्रतिनिधित्व करत नाही.’ यात खोटे काही नाही आणि उघडही काही नाही. सगळ्याच कथा ‘त्या बहिऱ्या मुलीच्या’ होतील, ही तुमची भीती मात्र मी घालवू शकत नाही. काही वाचकांच्या बाबतीत ती खरी ठरेल. काही वाचक मात्र केवळ त्यामुळेच तुमच्यापर्यंत पोहोचतील, आणि त्यांची पत्रे पहिल्यांची भरपाई करतात की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

घरच्यांच्या काळजीला मी भित्रेपणा म्हणणार नाही. तुमच्या लहानपणी जगाने तुमच्याशी कसे वागावे याची चिंता त्यांनीच वाहिलेली आहे. निर्णय तुमचा आहे. पण ज्या दिवशी टोपणनावाला खरे नाव जोडले जाण्याची शक्यता दिसेल, त्याआधी त्यांना सांगा, म्हणजे त्यांना ते तिसऱ्याच कोणाकडून कळणार नाही.

राहिली ती लेखिका. तुम्ही तिला जे विचारलेत तेच आज तुम्हाला विचारले जाते आहे, हे तुमच्या ध्यानात आले आहे, नाहीतर तुम्ही ते या पत्रात लिहिले नसते. मला सुचते ते एवढेच की ती कदाचित अंध असेल. किंवा तिची दृष्टी हळूहळू जात असेल आणि तिने ते तोपर्यंत स्वतःशीही कबूल केले नसेल. पुष्कळ अंध व्यक्तींना थोडेफार दिसत असते, आणि त्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्यांना तुमच्या प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर देणे फार कठीण जाते. तिला काहीही होत नसेल आणि तिला केवळ चांगले लिहायचे असेल, हेही शक्य आहे. यांतले खरे काय, ते जाणून घेण्याचा तुम्हाला हक्क नाही. ती जिथे लिहीत होती तिथे खासगी संदेश पाठवता येत असेल तर पाठवा. तो लहान ठेवा. प्रश्न विचारला ही तुमची चूक होती आणि तो सर्वांसमक्ष विचारला ही त्याहून मोठी चूक होती, असे लिहा. तिच्या कथेतले जे काही तुम्हाला अजून आठवते आहे ते लिहा, आणि आठवत असेल तरच लिहा. त्या संदेशात तुमच्या कानांचा उल्लेख करू नका, कारण तिथे तो आला की माफीचे रूपांतर सबबीत होईल. पुन्हा लिहायला लागा, असा आग्रहही नको. तिचे उत्तर आले नाही तर दुसरा संदेश पाठवू नका.